याला ठेवायचं कुठं?

मागच्या महिन्यात पुरुषोत्तमनगरला गेलो होतो. पी. के. अण्णांनी उभ्या केलेल्या सातपुडा साखर कारखान्याचं हे गाव. हंगाम, उसाचे भाव, तोडणी मजुरांची उचल, असं काहीतरी लिहायचं होतं. काम आटोपून गाडीला किक मारणार तेवढ्यात एक मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. ओळखीच्या. त्यांचे मालक कारखान्यात हंगामी होते, आता नाहीत.

"भाऊ, तुम्ही पेपरवाले, सगळीकडे फिरता. माझ्या पोराला ठेवायचं कुठं तेवढं सांगा."

पोरगा सत्तावीसचा. दारू. पुढचं सांगायची गरज नव्हती.

मला खटकलं ते वेगळंच. दारू सुटेल कशी, हे त्यांनी विचारलंच नाही. ते त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. माळ घालून झाली होती. कुलदेवीपुढे शपथ झाली होती. कोणीतरी दिलेली पुडी चहातून देऊन झाली होती. (असली पुडी न सांगता देणं जिवावर बेतू शकतं. त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे आधीच लिहून ठेवतो.) आणि दोनदा सुटलीही होती. एकदा अकरा दिवस, एकदा दीड महिना. म्हणजे सोडणं त्यांना माहीत होतं. सोडल्यानंतर त्या पोराने राहायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न होता. घरात राहिला तर घराच्या मागेच गुत्ता. शेतात गेला तर सोबतचे मजूर पिणारे. मामाकडे पाठवला तर तिथं हळदीचा कार्यक्रम.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं हे सगळं आलं पाहिजे. वीस वर्षं दारूबंदीच्या बातम्या करतोय. त्यातलं 'कुठे' म्हणजे गावाचं नाव आणि तालुका, एवढंच मी समजत आलो.

त्या रात्री घरी येऊन जुनी कात्रणं काढली, पुस्तकं काढली. आपल्या या भागाने गेल्या शंभर वर्षांत दारू सोडली नाही असं नाही. उलट एवढ्या मोठ्या संख्येने, एवढ्या वेळा दारू सोडणारा मुलूख महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती देवाच्या नावाने सोडली. तो इतिहास आपल्या पोरांना कोणी शिकवत नाही. म्हणून जरा लांबण लावतोय, वेळ असेल तर वाचा.

सुरुवात मोहापासून करावी लागेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचायची, वाळवायची, भुकेच्या दिवसांत खायची आणि थोडी गाळायची. आदिवासी घरात जन्म असो, लग्न असो, मयत असो, धार आधी पूर्वजांना, मग माणसांना. पिणं होतं, पण पिण्याला जागा होती, वेळ होती, सोबत होती. मी काही त्या काळाचं गोडवं गात नाही. तेव्हाही बाया मार खात असतील. पण दारू विकत घ्यायची वस्तू नव्हती.

ती विकतची झाली १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. घरी गाळणं गुन्हा ठरलं. दारू सरकारी परवान्याच्या भट्टीतली आणि ठेकेदाराच्या दुकानातली. आपल्याकडे आणि शेजारच्या सुरत-डांग पट्ट्यात हे ठेके बरेचसे पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. जी गोष्ट झाडाखाली फुकट पडलेली होती तिच्यासाठी आता रोख पैसा लागायला लागला. रोख नसला तर उधारी, उधारीवर व्याज, व्याजात बैल, आणि शेवटी जमीन. ठेकेदार हाच सावकार आणि पुढे हाच जमीनदार, असं कितीतरी गावांत झालं. दारूने आदिवासी बुडाला असं आपण सहज म्हणतो. त्याला बुडवणारी दारू त्याची स्वतःची नव्हती, हे मात्र म्हणत नाही.

आता १९२२. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांमध्ये देवीच्या साथीत देवीला शांत करण्याचे विधी व्हायचे. तिथून ती देवी चालायला लागली. खरंच चालायला लागली. एका गावातून दुसऱ्या गावात, किनाऱ्यावरून डोंगरात, मग डांगात, सुरत जिल्ह्यात आणि आपल्या पश्चिम खानदेशातही. नाव सलाबाई. मांडव घालायचा, त्यात काही माणसं बसायची, त्यांच्या अंगात यायचं आणि त्यांच्या तोंडून देवी हुकूम सोडायची. दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका. मांस-मासे खाऊ नका. रोज अंघोळ करा. घर स्वच्छ ठेवा. आणि पुढे पुढे, दारूवाल्याच्या शेतावर मजुरीला जाऊ नका. नंतर तर गांधीबाबाचं नाव घ्या, खादी घाला, असेही हुकूम यायला लागले.

हजारो माणसांनी एका दमात दारू सोडली. दुकानं ओस पडली. ठेकेदार हवालदिल झाले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून यावर अख्खं पुस्तक लिहिलं, 'द कमिंग ऑफ द देवी', १९८७ साली. अंगात येण्याला आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. त्याने दाखवलं की लुटणाऱ्या माणसाचं दुकान बंद पाडायची ती आदिवासींची स्वतःची रीत होती. देवीने सांगितलं म्हटल्यावर कोणा एकाला पुढारी म्हणून पकडताही येत नव्हतं.

याच इतिहासात दोन शब्द येतात. मला ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीत. देवी येऊन गेल्यावर गावांत दोन तट पडले. हुकूम पाळत राहिलेले ते वरजेला. पुन्हा खायला-प्यायला लागलेले ते सरजेला. काही ठिकाणी यांचा त्यांच्याशी रोटीव्यवहार थांबला.

वरजेलांचं पुढे काय झालं ते इतिहासात आहे. कोणी काँग्रेसमध्ये गेले, कोणी शाळा काढल्या, त्यांची पोरं शिकली. सरजेलांचं काय झालं? देवीने हुकूम दिला होता. परत घसरलेल्या माणसाने काय करायचं, याचा हुकूम नव्हता.

पंधरा वर्षांनी पुन्हा तेच, आणि यावेळी अगदी आपल्या दारात. तळोदा तालुक्यातलं मोरवड, म्हणजे रंजनपूर. तिथले गुलाम महाराज. भिल्ल समाजातला साधा माणूस. १९३७-३८ च्या सुमारास दर सोमवारी आरती सुरू झाली. आधी आसपासची माणसं, मग शेकडो, मग हजारो. बैलगाड्यांनी, पायी, डोंगरावरून. शिकवण सोपी होती. दारू सोडा, अंघोळ करा, चोरी करू नका, भांडू नका. आणि एकमेकांना 'आप' म्हणा.

हे शेवटचं नीट समजून घ्या. आपल्या भागात भिल्लाला सगळे अरेतुरेनेच बोलवत. पाटील असो, सावकार असो, शिपाई असो, वयाचा विचारच नाही. अशा माणसांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं, भेटल्यावर 'आप की जय' म्हणायचं. म्हणजे समोरच्या माणसातल्या देवाचा जय, आणि तो समोरचा माणूसही भिल्लच. दारू सोडायला माणसाला आधी आपण सोडण्याच्या लायकीचे आहोत असं वाटावं लागतं. आजचे समुपदेशक हेच मोठ्या शब्दांत सांगतात. महाराजांनी एका शब्दात केलं.

१९३८ मध्येच गुलाम महाराज गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं. दारूवाल्यांचं आणि सावकारांचं नुकसान व्हायला लागलं, तणाव वाढला आणि इंग्रज सरकारने रामदास महाराजांना हद्दपार केलं. दारू सोडा म्हणणारा माणूस सरकारला धोकादायक वाटला, यात आश्चर्य नाही. तिजोरी अबकारीवर चालायची. (आताही काय वेगळं आहे म्हणा.) मोरवडला आजही यात्रा भरते, आपचे अनुयायी अजून आहेत. आरतीला जाणारी, दारूला न शिवणारी आजोबांच्या वयाची माणसं मी पाहिली आहेत. ताठ बसतात.

तिसरी लाट शहाद्याची. १९७०-७१ नंतरचे दिवस. दुष्काळ, मजुरी, सालदारकी, गेलेल्या जमिनी. अंबरसिंग सुरतवंती पुढे आले. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, कारण माणूस मूळचा भजनातला. भजनाला जमलेली माणसंच पुढे मोर्चाला आली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, बाहेरून शिकलेली तरुण पोरंपोरी आली. जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू असताना बायांनी शिबिरात वेगळाच विषय काढला. मजुरी वाढून काय उपयोग, ती गुत्त्यावरच जाते आणि वर मार आम्हालाच. मग बाया उठल्या आणि गावागावांत जाऊन भट्ट्या फोडल्या, मडकी फोडली. नवऱ्यांना जाब विचारला. ते पाहिलेल्या एक आजी मला सांगत होत्या, मडकं फुटल्यावर जो वास सुटला तो दोन दिवस गल्लीत होता. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये अकाली गेले. भट्ट्या हळूहळू परत लागल्या.

सरकारने काय केलं? १९४९ चा दारूबंदी कायदा केला, १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी आणली. पुढे गुजरात वेगळा झाला. त्याने बंदी ठेवली, महाराष्ट्राने सैल केली. त्याचं फळ आपल्या जिल्ह्याला मिळालं. सीमेवरचा जिल्हा. नवापूरच्या रस्त्याने काय-काय पलीकडे जातं ते मी लिहायला नको, दर आठवड्याला बातमी असते. २००८ पासून बायांना मतदानाने गावातलं दुकान बंद करता येतं. उभी बाटली की आडवी बाटली. मोजलेल्या नव्हे तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आपल्या ऊसतोडीला परगावी गेलेल्या बायांचं न पडलेलं मत दारूच्या बाजूने मोजलं जातं, असाच त्याचा अर्थ.

देवी, आरती, भजन, मोर्चा, कायदा. सगळ्यांनी दारूशी लढा दिला. दुकान बंद केलं, मडकं फोडलं, माणसाकडून शपथ घेतली. पण ज्याचं शरीरच दारूवर चालायला लागलंय, त्या माणसाला दारू सोडल्यावर पहिले पाच दिवस कोणी सांभाळायचं? नंतरचे तीन महिने कोणी? हे मला सुचायला फार उशीर झाला. त्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे. इतकी वर्षं कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहितो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात एका महाराजांचा कार्यक्रम झाला. गाव आणि महाराज दोघांचं नाव सांगत नाही, त्यांचा हेतू वाईट नव्हता. चाळीसेक माणसांनी एका दिवशी माळ घातली, दारू सोडली. मी स्वतः फोटो काढले. 'अख्ख्या गावाने सोडली दारू' असा मथळा दिला. पहिल्या पानावर लागली बातमी. मला तीन फोन आले कौतुकाचे. त्या फोटोत दुसऱ्या रांगेत माझा आतेभाऊ होता.

तो सकाळी उठल्या उठल्या प्यायचा. पंधरा वर्षं. माळ घातली त्या संध्याकाळी हात कापायला लागले. आत्या म्हणाली, चांगलंय, विष निघतंय. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, झोप नाही. रात्री झटका आला. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, हाताने झटकत होता. घरात नसलेल्या माणसांशी बोलत होता. कोणी म्हणालं बाहेरचं आहे. कोणी म्हणालं महाराजांना बोलवा. एक जण म्हणाला, थोडी पाजा. पण माळ घातलेली, पाजणार कोण? चौथ्या रात्री जीप केली. धुळ्याच्या रस्त्यावर गेला.

याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भास, ताप, भ्रम. औषधं आहेत. अगदी साधी, जुनी. झटके आवरणारी गोळी किंवा इंजेक्शन, बी-१ जीवनसत्त्व, पाणी आणि शेजारी बसणारं माणूस. वेळेत मिळालं तर बहुतेक वाचतात. प्रत्येकाला हे होत नाही, चाळीसातल्या एखाददुसऱ्याला होतं. आमच्या गावच्या चाळीसातला तो माझा भाऊ होता.

त्याची बातमी मी केली नाही. अख्ख्या गावाने दारू सोडली ही बातमी होती. सोडल्याने एक मेला ही बातमी मला करवली नाही.

मग हे 'कुठे' सोडवलं कोणी? गंमत अशी की तेही देवाच्या माणसांनीच, आणि जवळजवळ त्याच किनाऱ्यावर जिथून सलाबाई निघाली होती.

त्याआधी एक थांबा अमेरिकेत. १९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद भेटले. दोघेही पक्के दारुडे. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळाशी संबंध. एक दारुडा दुसऱ्याशी खरं बोलत बसला की त्या वेळेपुरती दोघांचीही टळते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस निघाली, १२ पायऱ्या निघाल्या. त्यांनी धर्म ठेवला, पण त्याचं दार मोठं केलं. देव कोणता, ते ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे ठरवावं. आणि शपथ जन्माची नाही, आजच्या दिवसाची. घसरला तर उद्या परत ये. सरजेला हा शब्दच त्यांच्याकडे नाही.

१९८१ साली मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले, आणि ते जाहीरपणे सांगणारे. बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, अमेरिकेतल्या १२ पायऱ्या आणि पुण्याचा योग. आपल्याकडे याच्यावरून केवढा गदारोळ झाला असता. तिथं चाललं. कृपाचं निवासी केंद्र वसईत उभं राहिलं. पुढे गोव्यात, ईशान्येत आणि देशात इतरत्र काम पसरलं. २००९ मध्ये फादरांना पद्मश्री मिळाली.

वसईचे ख्रिस्ती लोक मराठी बोलणारे, शेती-वाडी करणारे, आपल्यासारखेच. त्यांच्या समाजाने जे केलं त्यात चमत्कार काही नव्हता. दारू सोड असं आपणही म्हणतो. पण त्यांच्यात, सोडेपर्यंत इथं रहा, असं म्हणायला एक छप्पर होतं. आधी शरीरातून दारू उतरवायची, ती डॉक्टरी देखरेखीत. मग ठरलेल्या वेळी उठणं, आसनं, प्रार्थना, स्वयंपाकात हात, झाडू, गटात बसून बोलणं. शिकवणाऱ्यांत बरेच स्वतः त्यातून गेलेले. त्यामुळे खोटं चालत नाही, कारण ते सगळं खोटं त्यांनी स्वतः बोलून झालेलं असतं.

पाच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९८६ ला, पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. मागे पु. ल. आणि सुनीताबाईंच्या ट्रस्टची देणगी होती, जागा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातली. ते धर्माच्या नावाने नाही. पण तिथंही या पायऱ्या आहेत, आणि ३५ दिवस राहणं आहे. आस्तिक असो नास्तिक असो, दोघेही एकाच गोष्टीशी येऊन थांबले. जागा पाहिजे आणि दिवस पाहिजेत.

आता उलटी बाजू. देवाच्या नावाने निवासी केंद्र म्हटलं की माझ्या पोटात गोळाही येतो. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवायच्या झोपड्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती. २८ जणं जळून मेली. पळताच आलं नाही. दूर कशाला, व्यसनमुक्तीच्या नावाखाली एका खोलीत वीस-वीस पोरं कोंडून ठेवलेली मीही पाहिली आहेत. दाराला बाहेरून कुलूप, डॉक्टरचा पत्ता नाही, मारहाणीला 'शिस्त' म्हणायचं आणि घरच्यांकडून महिन्याला पैसे घ्यायचे. भिंतीवर देवाचा मोठा फोटो. मला सांगायला आले होते, साहेब चांगली बातमी करा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली दारू आणि इतर नशेमुळे होणारे आजार येतात. माणसाला मुक्कामी ठेवून त्यांचे उपचार करायचे तर राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. तेव्हा कोणी पोरगा ठेवायला सांगितलं तर तीन गोष्टी विचारा. नोंदणी दाखवा. डॉक्टर कधी येतो आणि रात्री झटका आला तर काय करता. आणि आम्ही पोराला केव्हा भेटू शकतो. तिसऱ्याला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

दुसरा प्रश्न धर्मांतराचा. आपल्या जिल्ह्यात हा विषय काढला की लगेच दोन्ही बाजूंनी आवाज चढतात. मला विचाराल तर, आजारी माणसाच्या अंथरुणाजवळ बसून कोणीही त्याच्या धर्माचा सौदा करू नये. कोणीही म्हणजे कोणीही. पण जे लोक केंद्रांविरुद्ध निवेदनं देतात त्यांनी स्वतः एक तरी खाट टाकली का, हेही विचारायला पाहिजे. मी विचारलं होतं एकदा. उत्तर आलं नाही.

मला वाटतं ते सांगतो. आपल्याकडे भाव कमी नाही. मोरवडची परंपरा आहे. वारकऱ्यांची माळ आहे. बैठका आहेत, भजनी मंडळं आहेत, मिशनची दवाखान्यांची जुनी ओळख आहे. सप्ताहाला आपण सात दिवस हजार माणसं जेवू घालतो, मांडव, वीज, पाणी, स्वयंपाकी, सगळं उभं करतो आणि आठव्या दिवशी उतरवतो. एका मंडळाने दहा खाटांची एक जागा बारा महिने चालवायची ठरवली, तालुक्याचा एक डॉक्टर बांधून घेतला आणि दोन अशी माणसं शोधली ज्यांनी स्वतः सोडली आहे, तर सप्ताहापेक्षा ते अवघड नाही. कायदेशीर कागद लागतील. ते करायला मी येतो, एवढं तरी मला जमतं. आणि तिथं एकमेकांना 'आप' म्हणायचं. ते आपलंच आहे, बाहेरून आणायला नको.

मावशींकडे परत गेलो ते आठ दिवसांनी. आधी पोराला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले भेटले, पाच दिवस ठेवून घेतलं. माझ्या आतेभावाचं मी त्यांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. पुढच्या मुक्कामासाठी जिल्ह्याबाहेरच्या एका केंद्रात फोन करून जागा मिळवली. नोंदणी विचारली, डॉक्टर विचारला, भेटीचा वार विचारला. कोणाचं केंद्र आहे तेही मावशींना सांगितलं. आपल्या देवाचं नाही, हे स्पष्ट सांगितलं.

मावशी पिशवी भरत होत्या. दोन लुंग्या, टॉवेल, साबण, चिवड्याचा डबा. पोरगा ओट्यावर बसला होता, हात अजून थोडे कापत होते.

"तिथं आरती असते का?" मावशींनी विचारलं.

"प्रार्थना असते, सकाळ-संध्याकाळ."

"मग असू द्या. कोणाची का असेना." डब्याचं झाकण घट्ट लावत त्या म्हणाल्या, "दाराला कुलूप आतून असतं का बाहेरून, ते विचारलं ना?"

विचारलं होतं. बुधवारी सकाळच्या एसटीने तिघे निघालो.